शंभरावं ताट

गहिनीनाथ मुकादमाचा टेम्पो रस्त्यावर सुरूच होता. कोपरगावकडच्या ऊसतोडीला त्याला एक जोडी कमी पडत होती. ती जोडी म्हणजे मी आणि ज्योती. आम्ही गेलो की पोरगी ज्ञानेश्वरीही फडावर येणार, आणि तिची यंदाच लागलेली पहिली तिथंच संपणार.

"जोंधळा जगला तर ही दोघं येनार न्हाईत," आई म्हणाली.

"समद्या गावाचा खोडमाशीनं खाल्लाय, रंगुमावशी. तुमच्याला काय लस टोचलीय?" मुकादम म्हणाला.

"माझ्या जोंधळ्यात मधी करडई हाय. माशी वाट चुकती."

शेवटी ठरलं. जोंधळ्याच्या शंभर ताटांचे पोंगे, म्हणजे मधले कोंब, ओढायचे. माशीनं मारलेला पोंगा सुळकन हातात येतो. असे दहा आले, तर आम्ही टेम्पोत. ताटं निवडणार मुकादम.

साठ ताटांत दोनच आले. मुकादमाला घाम फुटला, म्हणून तो सावलीला बाभळीकडं वळला. ज्योतीनं माझ्याकडं पाहिलं.

पेरताना बैलांची पाभर मी हाकत होतो. मागं नळी धरून ज्योती ठरल्या ओळींत करडई सोडत होती. बाभळीपाशी आमचं भांडण झालं. तिनं मूठ मिटली आणि तशीच चालत राहिली. दोन फेर निव्वळ जोंधळा. कुणाला दिसू नये म्हणून तिथली खुरपणीही तिनं हट्टानं एकटीनं केली. आईला काही ठाऊक नव्हतं. माशीला होतं.

"तीन," मुकादम म्हणाला. "चार. पाच."

नव्व्याण्णव ताटं झाली तेव्हा त्याच्या मुठीत नऊ पोंगे होते, सत्काराच्या गुच्छासारखे धरलेले.

"आत्या," ज्योती म्हणाली, "हितं मी करडई सोडली न्हाई. ह्यांच्याशी भांडत हुते."

आईनं खाली पाहिलं. "मी तुझ्या सासऱ्याशी भांडत अख्खं रान पेरलंय. हात थांबला न्हाई कधी."

"मग हितलं धरायचं न्हाई," मी म्हणालो.

"धरायचं. बोललोय आपुन."

मुकादमानं शंभरावं ताट धरलं. पोंगा येईना. त्यानं चपला काढल्या, पाय रोवले. महिन्याचं रोप आणि ऐंशी किलोचा माणूस. पोंगा तुटला आणि मुकादम मातीत बसला.

"दहा!"

"वास घे," आई म्हणाली. "मेलेला कुजतो."

टेम्पोनं हॉर्न दिला. मुकादम वास घेत राहिला. एवढा वेळ कुणी अत्तराचाही घेत नाही. ज्योतीनं माझं मनगट धरलं होतं, नखांसकट.

"बूड कसं हाय?"

"पांढरं," मुकादम म्हणाला, आणि चोरी पकडल्यासारखा लाजला. "हिरवा वास येतोय."

"म्हंजे नऊ."

तो चपला हातात घेऊनच निघाला. बांधावर थांबला. "मावशी, पुढल्या साली करडईचं बी ठिवा थोडं. माझं समदं रान ह्या दोन फेरांसारखं झालंय."

टेम्पो गेला.

"त्या दिवशी आपलं भांडण कशावरून हुतं?" ज्योतीनं विचारलं. मला आठवेना. तिलाही आठवेना. मग ते सुरू कुणी केलं यावरून आम्ही घरापर्यंत भांडलो. आई मधूनच शाळेच्या वाटेला लागली, पोरीला आणायला.