पेटीची पलीकडची बाजू

चुलीत निम्मी सरकलेली फळी पंचफुलाने मागच्या टोकाला धरून ओढली. इंदूबाईने ती सोडली नाही.

"जळतन हाय ते."

"माही फळी हाय, माय. मी दुसरं आणून देतो."

"कोळसा फासला, चुना फासला. फळी हाय का पोळ्याचा बैल?"

पंचफुलाने ओढ सैल केली नाही. शेवटी इंदूबाईनेच हात काढला. फळीचं एक टोक जळलं होतं आणि चुन्याने काढलेल्या शेवटच्या दोन पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. पंचफुलाने त्या बोटाने पुसून पाहिल्या आणि फळी घेऊन ती घरामागच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाआड जाऊन बसली.

साबणाच्या खोक्याची ती फळी. दोन वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, तिने तिच्यावर वाजवायची पेटी काढली होती. चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्या, कोळशाच्या काळ्या. काळ्या कुठे दोन आणि कुठे तीन येतात हे तिने चार रविवार मोजून पक्कं केलं होतं. फळी मांडीवर घेऊन ती बोटं चालवायची आणि ओठ मिटून घशातल्या घशात सूर काढायची. बोट चुकलं तर घसाही मुद्दाम चुकवायची. त्यामुळे तिची फळी तिला बरोबर ऐकू येत असे.

खरी पेटी घरातच होती, पण ती समाजाची. दीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीने जुनी कामं सोडली, देव्हाऱ्यातले देव अडाण नदीत सोडले आणि सगळ्यांनी मिळून दारव्ह्याहून पेटी आणली. चाली बऱ्याचशा जुन्याच राहिल्या, शब्द तेवढे नवे आले. वाजवायला पंचफुलाचा बाप भीमराज बसला, कारण कापसाच्या जिनात कामाला असताना तिथल्या मुनिमाच्या पेटीवर त्याने थोडाफार हात फिरवला होता. दर रविवारी संध्याकाळी भजनी मंडळातल्या श्रावणच्या अंगणात भजन होई. पुरुष खाली ताटपत्रीवर बसत, बाया-पोरी समोरच्या ओट्यावर. पोरासोरांनी पेटीला हात लावायचा नाही हा नियम भीमराजनेच केला होता, आणि तो त्याच्या पोरीलाही लागू होता. ओट्याच्या कडेला बसून ती त्याची बोटं वरून पाहायची. पाहायला मनाई नव्हती.

भीमराज दिवाळीपासून यवतमाळच्या दवाखान्यात होता. कापसाचं तूस छातीत बसलं असं वस्तीत म्हणत. दवाखान्यात त्या दुखण्याला दुसरं नाव होतं, ते इंदूबाई घरात घेत नसे.

मंडळाचा कारभार श्रावणकडे होता. दर रविवारी भजनाआधी तो त्यांच्या दारात उभा राही आणि विचारी, "काय खबर हाय, वयनी? कधी येते भीमराज?"

"डाक्टर म्हणते, येईन."

एवढंच बोलणं, आणि तो पुढे जाई. मार्चमधल्या एका रविवारी मात्र तो आत येऊन बसला. इंदूबाईने चहा ठेवला. चहा बशीत ओतून तो बराच वेळ फुंकत राहिला.

"जयंती महिन्यावर आली, वयनी. पेटीबिगर कसं होईन? शेजारच्या गावचा एक माणूस वाजवतो म्हणते. पण पेटी माह्याकडंच राहू द्या म्हणते. हात बसाले पायजे त्याचा."

"मंग?"

"मंग काय. भीमराज आला का आणूच ना वापस."

हे तो बशीकडे पाहत बोलला. इंदूबाईने पदराने चुलीजवळची राख सारखी केली.

"उद्या सांजच्याले या, भाऊजी. पुसून ठेवतो."

पंचफुला दाराशी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने डोळे वर करून घरात पाहिलं. बाबाचा सदरा खुंटीवर होता, वहाणा भिंतीला लावून उभ्या होत्या, पेटी गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात होती. त्याला नेलं त्या दिवसापासून यातलं काही हललं नव्हतं. जोवर हे हलत नाही तोवर तो येणार, असं तिने ठरवलेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई मजुरीला गेल्यावर पंचफुलाने दार लोटलं आणि गोधडी सोडली. बाबा बसे तशी पेटीमागे मांडी घालून बसली. डाव्या हाताने भाता उघडला, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि पहिलीच ओळ धरली.

जिथे सूर वर चढायला हवा तिथे तो खाली उतरला. तिने पुन्हा धरली. पुन्हा तसंच. काळ्या पट्ट्याही जागेवर नव्हत्या. तिच्या फळीवर त्या अलीकडे होत्या, इथे पलीकडे गेल्या होत्या. चार महिने बंद राहून पेटी बिघडली, असं तिला वाटलं. उंदराने भाता कुरतडला असेल म्हणून ती उठून दुसऱ्या बाजूला गेली आणि गुडघे टेकून भात्याखाली वाकून पाहू लागली. भाता धड होता. तिने मान वर केली, आणि समोर तिची फळी होती. काळ्या पट्ट्या अलीकडे, पांढऱ्या पलीकडे, खालचे सूर उजवीकडे. ओट्यावरून दिसत तशा.

ती तिथेच गुडघ्यावर उभी राहिली. डाव्या हाताने पुढ्यातला भाता ओढला, उजवा हात पेटीवरून पलीकडे टाकला आणि वाजवू लागली. हात अवघडत होता. सूर जिथे जायला हवे तिथे जात होते.

इंदूबाई संध्याकाळी परतली तेव्हा श्रावण तिच्या मागोमागच होता. दोघेही दारात थांबले. डोक्यावरचा भारा उतरवायचं इंदूबाईच्या ध्यानात आलं नाही. भीमराज ज्या जागी सूर लांबवून मग पुढे जाई, त्या जागी पोरगीही लांबवत होती.

"अवो वयनी," श्रावण म्हणाला, "हे तं मागून वाजवून राह्यली. बैलाचं तोंड गाडीकडं."

पंचफुलाने हात काढला.

"कोनं शिकवलं तुले?"

"कोनीच नाई."

"सीधी बस बरं, पाहू."

"सीधं नाई येत, काका."

"मंग जयंतीले लोकाइकडं पाठ करून बसशीन का?"

"पेटी फिरवा," पंचफुला म्हणाली. "पट्ट्या लोकाइकडं करा. मी इकडून बसतो. त्या माणसाले देऊ नका पेटी."

श्रावण हसला. मग त्याने तिला आणखी दोन चाली वाजवायला लावल्या, स्वतः टाळी धरून. तिसऱ्या चालीला त्याने हसणं सोडलं होतं. जाताना पेटी नेली नाही.

जयंतीला पेटी फिरवून ठेवली गेली. अर्ध्या वस्तीने तिच्या पट्ट्या त्या दिवशी पहिल्यांदा सरळ पाहिल्या. पंचफुला पलीकडे गुडघ्यावर उभी होती. मागच्यांना ती दिसणार नाही म्हणून कुणीतरी तिच्या गुडघ्यांखाली धान्याचं रिकामं पोतं घडी करून दिलं. दोन ठिकाणी ती चुकली. ते ढोलकीवाल्याने झाकलं. नंतर बायांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि एक म्हातारी इंदूबाईला म्हणाली, "बापाचाच हात हाय, माय. हुबेहूब."

"आता कायची चिंता," श्रावण पेटीचा भाता बंद करता करता म्हणाला. "पुढच्या सालीबी पेटीचं पाहा लागत नाई."

पंचफुला पोतं झटकत होती. ती झटकायची थांबली.

पुढच्या रविवारी श्रावण दारात आला. पंचफुला आतून ऐकत होती.

"पोरी, आज कोनतं घ्याचं पयले?"

तिने सांगितलं. भीमराजची खबर न विचारताच तो पुढे गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही त्याने तेवढंच विचारलं, आणि भजन झाल्यावर तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ओट्यावरच्या बायाही आता इंदूबाईला पोरीबद्दलच विचारत: सीधी बसून कधी शिकणार, शाळा सोडवणार का, एवढ्या चाली ध्यानात कशा राहतात. वाईट कुणीच बोलत नव्हतं.

पंधरा दिवसांनी इंदूबाई एसटीने यवतमाळला निघाली. भाकरी फडक्यात बांधताना म्हणाली, "सांगतो तुह्या बाबाले, पोरीनं जयंती काढली म्हनून."

"नको सांगू."

"काहून वं?"

पंचफुला पितळी डब्याचं झाकण बसवत होती. ते बसलेलंच होतं.

"नको सांगू, माय."

इंदूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि फडक्याला दुसरी गाठ मारली.

ती परतली तो दिवस रविवारचा होता. संध्याकाळी श्रावण पेटी न्यायला आला तेव्हा पंचफुला दाराशी उभी होती. उजव्या हाताच्या तर्जनीला तिने चिंधी बांधली होती, हळद लावलेली, अंगठ्याएवढी जाड.

"काय झालं वं?"

"नखुरडं झालं. आज नाई जमत."

"वाजवाच्या बोटालेच झालं? बाकीच्या चार बोटाइनं काय पाप केलं?"

"भाताबी नाई दाबवत. ठणकते."

पेटीशिवाय भजन बसलं. मधल्या रविवारी सगळ्यांना पेटीची पुन्हा सवय झाली होती. पहिलंच गाणं कुणी वरून धरलं, कुणी खालून. टाळ पुढे गेले, ढोलकी मागे राहिली, आणि तिसऱ्या कडव्याला सगळेच थांबून एकमेकांकडे पाहू लागले. ओट्यावर एक पोर हसलं, त्याला त्याच्या आजीने चापट दिली. पुरुषांनी दुसरं गाणं धरून पाहिलं. तेही दोन कडव्यांपुढे गेलं नाही. श्रावणने टाळ मांडीवर ठेवले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि ओट्याकडे मान वळवली.

"वयनी," तो म्हणाला, "तुमी जाऊन आल्या ना? काय म्हनते डाक्टर? कधी येते आमचा भीमराज?"

बायाही वळून इंदूबाईकडे पाहू लागल्या. एकीने सरकून तिला जागा करून दिली.

इंदूबाईने शेजारी बसलेल्या पंचफुलाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि चिंधीची गाठ सोडली. एक वेढा काढला, दुसरा काढला. आतलं बोट धडधाकट होतं. हळदीने नुसतं पिवळं झालं होतं. पंचफुला हात मागे घेऊ लागली, पण इंदूबाईने तो सोडला नाही. ओट्यावर आता बरंच अंधारलं होतं आणि बाकी कुणाला काही दिसलं नाही.

"येतो म्हने," इंदूबाई श्रावणला म्हणाली. "तुमची सगळ्याइची खबर पुसत होता."

मग तिने चिंधी पुन्हा गुंडाळायला घेतली, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि गाठ मारून तिचं टोक आत खोवलं.