लांब केबल

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे नुरझातच्या लक्षात आलं की आपण चहाला पाणी ठेवलं होतं. समोर दिग्दर्शक कुबान बसला होता. नुरझातची पाच वर्षांची सेझिम पावावर साय पसरत होती, आणि पावापेक्षा बोटांनाच जास्त लावत होती. नुरझातने चहाची वाटी पाहुण्याला भरतात तशी अर्धीच भरली, म्हणजे तो बसेल आणि ती पुन्हा भरता येईल.

कुबान फिल्मचं सांगायला आला होता. नारिनच्या डोंगरात बर्फ पडलं होतं. गेल्या हिवाळ्यात अर्धवट राहिलेल्या फिल्ममधला एकच प्रसंग उरला होता: म्हातारा हरवलेली घोडी शोधत रात्री बर्फाचा उतार उतरतो. पैसे जेमतेम तेवढ्यापुरते होते.

"बॅटरीवरचे छोटे दिवे घेऊ या," तो वाटीत बघत म्हणाला. "जनरेटर नको."

"त्या थंडीत बॅटऱ्या मान टाकतील." तिने दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं सांगावं तसं सांगितलं.

त्याच उतारावर, त्याच फिल्मसाठी, गेल्या हिवाळ्यात कॅमेरा तिने सांभाळला होता आणि दिवे तिचा नवरा एर्मेक याने. जनरेटरची घरघर संवादांत येत होती, म्हणून एर्मेकने त्याच्याभोवती नमद्याचं, जाड दाबलेल्या लोकरीचं, घर केलं होतं. सगळेच करतात. दुहेरी नमदा, फटीसुद्धा बुजवलेल्या. आत छान ऊब होती, म्हणून तो आतच बसला. चहा द्यायला गेलेल्या माणसाला तो टेकून बसलेलाच सापडला. कोंडलेल्या धुराने त्याला उठू दिलं नव्हतं.

वर्षश्राद्धाचं जेवण झालं, रिवाजाप्रमाणे घोडा कापला, माणसं रडून जेवून गेली. विधवेने गळा काढायचा असतो. नुरझात वाट्या धूत राहिली. नणंदा अजून ते बोलून दाखवतात. तिला त्याचंही काही वाटत नाही.

बालवाडी बंद होती, म्हणून सेझिमलाही घेऊन दोघं दिवे भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्या साकेन बाइकेंच्या, म्हणजे साकेनदादांच्या, गोदामात गेले. म्हाताऱ्याने पोरीच्या हातात गोळी ठेवली आणि तिच्या आईकडे बघायचं टाळून कुबानला धरलं.

"तुझ्या फिल्मला मी तिकीट काढणार नाही, आधीच सांगतो. मागच्या खेपेस एवढा अंधार होता की माझी बायको माझा समजून शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपली."

"शेजाऱ्याने तक्रार केली का?" कुबान म्हणाला.

नुरझातने मोठा दिवा आणि जनरेटर मागितला. साकेन बाइकेंचं हसू विरलं.

"एक लग्नाला गेलाय, पोरी. उरलाय तो... तोच आहे. आठवडाभर थांब."

आठवड्याने बर्फ असेल, पण घोडीवाला शहरात निघून जाईल, असं कुबान पुटपुटला. मग म्हणाला, "राहू दे. प्रसंगच काढून टाकतो."

त्याच प्रसंगाचे दिवे पेटते ठेवताना एर्मेक गेला होता. नुरझात कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बघत राहिली.

"तोच द्या. आणि असेल नसेल ती सगळी केबल. जनरेटर लांबच ठेवायचाय."

"मग तुमच्या पैशांत दुसरा एकही दिवा बसायचा नाही," म्हातारा म्हणाला.

"नको. बर्फ आहे की. तेच उजेड परत फेकेल."

"एवढ्या लांब नेलीस तर वीज दमते. दिवा मंदावेल."

"मंदावू दे. चंद्रच तर दाखवायचाय." मग कुबानकडे वळून ती म्हणाली, "त्याच्यावर काही घालायचं नाही. चादरसुद्धा नाही. आवाज आला तर येऊ दे."

"संवाद नंतर भरू," कुबान हळूच म्हणाला.

दोघांनी जनरेटर गाडीत चढवला. तिने केबलचं वेटोळं खांद्यावर घेतलं. सेझिमने गोळी गालात सरकवली आणि यंत्राला बोट लावून लगेच मागे घेतलं.

"अपा," तिने आईला विचारलं, "मग तुला थंडी वाजली की तू कुठे बसणार?"