आसगावचं पाणी

चमचा खट्‌कन वाजला आणि कौशल्याबाईने हातातली वाटी खाली ठेवली.

"दात वाजला वं! रेणू, ये ना, दात वाजला पोरीचा!"

रुचिकाला आठवा महिना लागला होता. घरातल्या पहिल्या नातीचा पहिला दात म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? रेणू गॅसवरचा तवा तसाच सोडून धावली, अंघोळीला निघालेला विनोद खांद्यावरच्या टॉवेलसकट आला. डोमा हेडाऊ तेवढा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, तो बसूनच राहिला. धोटा मात्र त्याच्या हातात थांबला. चौदा महिने तो याच आवाजाची वाट पाहत होता, आणि आता आवाज झाला तर त्याला उठायची हिंमत होईना.

शेवटी उठला. नातीला घेऊन दारातल्या उजेडात आला. बोटाने तिचा खालचा ओठ हळूच ओढला. हिरडीतून कणीएवढं टोक वर आलं होतं. कोऱ्या चहाच्या रंगाचं.

"पांढरा हाये ना, मामाजी?" रेणूने मागून विचारलं.

"अजून बरोबर निघालाच नाही," डोमा म्हणाला आणि पोर तिच्या हातात देऊन पुन्हा मागावर जाऊन बसला. त्या दिवशी त्याच्याने चार बोटं कापडही विणून झालं नाही.

पवनीच्या विणकरांत तुटलेला धागा सांधला की गाठीचं शेपूट सगळे दातानेच तोडतात. कात्री शोधायला सवड कोणाला, आणि दात तर फुकटचे. डोमाच्या गळ्यात मात्र दोऱ्याला बांधलेली चिमुकली कात्री असे. लोकांच्या गळ्यात माळ, याच्या गळ्यात कात्री, अशी थट्टा त्याने जन्मभर ऐकली. त्याचे दात निघाले तेच तपकिरी. वरचं कवच खपल्यांसारखं उडालं आणि उरलेले पस्तिशीच्या आत झिजून हिरडीला टेकले. त्याच्या आईचं तसंच होतं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या उन्हाळ्यात चार वर्षांच्या विनोदचे दुधाचे दात असेच झिजून गेले. जिल्ह्याची वाटणी लोकांच्या लक्षात राहिली ती कचेऱ्यांच्या भांडणावरून, डोमाच्या लक्षात राहिली ती पोराच्या तोंडावरून.

दोष कोणाचा? विहिरीचा. अंगणातल्या विहिरीचं पाणी खारट, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं. डोमाने मनाशी ठरवून टाकलं की हेच पाणी आपल्या घराचे दात खातं. त्याची बायको कौशल्याबाई तीस वर्षं तेच पाणी पिऊन दाताने सुपारी फोडत होती, पण त्यावरही उत्तर होतं. तिचं बालपण दुसऱ्या गावचं ना! दात घडतात ते लहानपणच्या पाण्यावर. माणसाला एखादी गोष्ट खरी मानायचीच असली की पुरावा त्याच्या घरी पाणी भरतो.

विनोदसाठी आसगावची रेणू पाहायला गेले तेव्हा तिची आई सत्यभामाबाई स्पष्ट बोलली होती. धानाच्या बांधीत उभं आयुष्य घालवलेली विधवा बाई, तिला आडून बोलता येत नव्हतं.

"पोरगा चांगला हाये जी. पण त्याचे दात काहून असे? घराण्यात काही हाये का?"

"पाण्याचा दोष हाये, इनबाई," सोयरीक व्हायच्या आधीच डोमाने तिला विहीण करून टाकलं होतं. "रगतात काही नाही. माहा शब्द हाये."

त्या शब्दावर लग्न झालं. रेणूला दिवस गेल्यावर डोमाने विहिरीवर पत्रा ठोकला आणि सायकलला दोन डबे बांधले. आसगावची माणसं म्हातारपणीही ऊस सोलून खातात, रेणूचे दात तर मक्याच्या कणसासारखे. तेव्हा पाणी तिच्या माहेरच्या विहिरीचंच. रोज पहाटे तासभर जायचं, तासभर यायचं. सासरा सुनेच्या माहेरी पाणी भरतो म्हणून अख्खी आळी हसली. डोमाही हसला, तोंडावर हात ठेवून. पावसात घसरून पडला, तापाने फणफणला, पण एक खाडा केला नाही. रेणू तेच पाणी प्यायली, रुचिकाची पेजही त्याच पाण्यात शिजली.

आणि दात निघाला तो चहाच्या रंगाचा.

पंधरा दिवसांत शेजारचा दुसराही तसाच आला. पोरीला खिदळताना पाहून रेणू दुसरीकडे बघू लागली. मग विनोदने बापाला आणि पोरीला एसटीत घातलं आणि नागपूरला दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने आधी रुचिकाचं तोंड पाहिलं, मग विनोदचं, मग डोमाचं. विनोदच्या दातांचे फोटो काढले. डोमाच्या आईबद्दल विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून बसली.

"काका, दाताच्या पांढऱ्या कवचाखाली एक थर असतो, हाडासारखा. तो टणक व्हायला त्यात चुना बसावा लागतो. तो बसवायला शरीर काही प्रथिनं तयार करतं. त्यांच्यावर सियालिक आम्ल नावाचा साखरेच्या जातीचा पदार्थ भरपूर असतो. दातातलं तसलं प्रथिन तुमच्या घराण्यात नीट तयार होत नाही."

"मंजे खळ," डोमा म्हणाला. "ताण्याच्या सुताले खळ बरोबर नाही बसली, का धागा फुटते."

"खळच समजा. ती बनवायची रीत बापाकडून नाहीतर आईकडून येते. तुम्हाला आईकडून आली."

"पण माही हाडं तं पक्की हायेत. रोज वीस-पंचवीस किलोमीटर सायकल मारतो मी."

"हाडातही तसली प्रथिनं असतात, पण ती वेगळी. तुमची ती चांगली आहेत."

"आन् पाणी?"

"पाण्याचा काही संबंध नाही, काका."

विनोदने बापाकडे पाहिलं नाही. पोरीचं टोपडं सारखं करत त्यानेच विचारलं, "दुधाचे पडल्यावर पक्के तरी बरे येतीन?"

"तेही असेच येतील. दोनतीन वर्षांची झाली की झिजू नयेत म्हणून टोप्या बसवता येतील. पण मुळातला दोष काढता येत नाही. पुढच्या मुलाला येईल किंवा नाही येणार, दोन्ही सारखंच शक्य आहे."

परतीच्या एसटीत रुचिका आजोबाच्या मांडीवर झोपली. गळ्यातल्या कात्रीचा दोरा तिने मुठीत धरला होता. डोमाने तो सोडवून घेतला नाही. आपण हिला काय दिलं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता, आणि तो थांबवायची कोणतीच युक्ती त्याच्याजवळ नव्हती.

सकाळी तो आसगावला गेला. आज पाणी आणायचं नव्हतं, पण डबे सायकलला बांधलेलेच होते.

सत्यभामाबाई धानातलं तण निंदायला निघायच्या घाईत होती. त्याला पाहून तिने सवयीने बादली विहिरीत सोडायला घेतली.

"राहू द्या, इनबाई. पाण्याचा दोष नाही. डॉक्टरनं सांगतलं. माह्या मायकडून मले आला, माह्याकडून विनोदले, आन् आता पोरीले. मी तुमाले खोटा शब्द देल्ला."

बादलीचा दोर तिच्या हातात तसाच राहिला.

"तुमाले ठाऊक होतं?"

"नाही. ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं."

"मी त्या शब्दावर पोरगी देल्ली जी."

"होय."

"मंग आता?"

"आता काही नाही. माह्या हातात काहीच नाही."

डोमा मान खाली घालून उभा होता. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"रेणूले सांगतलं?"

"विनोदनं रातीच सांगतलं. ते रडली नाही. पोरीले घेऊन बसली होती."

सत्यभामाबाईने बादली आत सोडली. रहाट कुरकुरला.

"डबे सोडा."

"कायले जी? पाण्यानं काही होत नाही मनलं ना."

"माह्या पोरीले दुसरं पाणी आता गोड लागत नसन," ती म्हणाली. पदराने डोळे पुसून तिने तोच पदर डब्याच्या तोंडावर धरला आणि पाणी गाळून ओतलं. एक डबा भरला, मग दुसरा.

डोमाने डबे सायकलला बांधले, दोनदा गाठी तपासल्या. विहीणबाई बांधीकडे निघून गेली होती. रस्ता रोजचाच होता, पण रात्रीच्या पावसाने खड्डे भरले होते. पाणी सांडेल म्हणून तो सायकलवर बसला नाही. हँडल धरून पवनीपर्यंत पायी निघाला.