ठिगळांवरच्या तारखा

मित्रांनो, मी एक जुना लढवय्या आहे, जातीनं लढाऊ विमान. खरं सांगतो, या संग्रहालयात उभं राहून मला माणसांचा वीट आलाय. तुमच्यापैकीच कुणीतरी माझ्या बंदुकीच्या नळीत च्युइंगम चिकटवलंय. शी!

माझ्यासमोर पाटी आहे : 'उडती शवपेटी. युद्धातलं सर्वांत निकामी विमान.' गाईड ती रोज मोठ्यानं वाचायचा आणि लोक फिदीफिदी हसायचे. ते हसणं ऐकून किळस यायची.

माझी उणीव मी लपवत नाही. मला घडवलं ते जमिनीलगत लढायला. अंगानं जाडजूड, पत्रा दणकट. पण खुर्चीतल्या साहेबांनी मला ढगांच्याही वर पाठवलं. तिथल्या विरळ हवेत माझं इंजिन धापा टाकायचं. माझे किती भाऊ पडले! साहेबांचं म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. सगळं खापर आमच्यावर फोडलं. मग गुपचूप आम्हाला खाली आणलं, शत्रूची रसद तोडायला. तिथं मी खरा कामाला आलो, पण तोवर नाव खराब झालं होतं.

माझा वैमानिक लंबू. गुडघे दुमडूनच बसायचा बिचारा. आम्ही उतरलो की आमची डागडुजी करणारा मिस्त्री ओरडायचा, "आज किती भोकं आणलीत रे?" प्रत्येक भोकावर तो पत्र्याचं ठिगळ मारायचा आणि त्यावर त्या दिवसाची तारीख ठोकायचा.

गेल्या महिन्यात फर्मान निघालं : ठिगळं घासून काढा, विमान चकचकीत रंगवा. मी निकामी नव्हतो, याचा माझ्याकडे दुसरा पुरावा तरी कुठला होता? रंगारी घासायचं यंत्र घेऊन आला, आणि त्याच सकाळी लेकीचा हात धरून मिस्त्री आला. पार वाकलेला. गाईडचं 'शवपेटी' चाललंच होतं.

"ए, ते यंत्र थांबव!" मिस्त्री रंगाऱ्यावर ओरडला आणि तडक माझ्याकडे आला.

"आजोबा, दोरीच्या आत येऊ नका," गाईड म्हणाला.

"अरे, तू जन्मायच्या आधीपासून मी दोरीच्या आत आहे. ये इकडे. या ठिगळांवरच्या तारखा मोज."

गाईड हसत हसत मोजू लागला. विसाच्या पुढे त्याचं हसू गेलं. "त्रेचाळीस," तो हळूच म्हणाला.

"त्रेचाळीस दिवस यानं गोळ्या खाल्ल्या आणि लंबूला घरी आणलं. पडलेल्या विमानाला कोण ठिगळ लावतं? लंबू परवा गेला. अंथरुणात, नातवंडांदेखत. आता सांग, शवपेटीतून त्रेचाळीस वेळा कुणी उठून येतं का?"

रंगाऱ्यानं यंत्राची वायर गुंडाळली.

ठिगळं वाचली. पाटी अजून तिथंच आहे, कारण ती बदलायला म्हणे साहेबांची सही लागते. साहेबच ते! पण गाईड आता ती वाचत नाही. मुलांना नुसतं म्हणतो, "मोजा."

तेव्हा मित्रांनो, कुणालाही निकामी म्हणण्याआधी जरा जवळ या, त्याच्या अंगावरची ठिगळं मोजा. आणि आलाच आहात, तर तेवढं च्युइंगम काढा.