उतरल्याची तार

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, घड्यांवर विरलेला. माझा जन्म १९५८च्या मे महिन्यात, जुहूच्या विमानतळावर कार्बनखाली झाला. मला ‘फ्लाइट प्लॅन’ म्हणतात. खाजगी वैमानिक सत्यवान मयेकर यांनी दाबून लिहिलं: विमानाचा नंबर, उड्डाण साडेआठ, किनाऱ्याने देवगड, मग घाट ओलांडून बेळगाव, पोचणार साडेअकरा, पेट्रोल चार तासांचं, माणूस एक. वरची प्रत अधिकाऱ्यांच्या टेबलावर राहिली आणि मी ऐटीत सत्यवानांच्या खिशात बसलो.

“बारापर्यंत उतरल्याची खबर आली नाही, तर आम्ही शोध सुरू करू आणि तुमच्या घरी कळवू,” अधिकारी म्हणाले.

घरी त्यांची पत्नी सुगंधा होती, सातवा महिना चाललेला. तिच्या कानावर ‘बेपत्ता’ हा शब्द पडू नये, एवढीच सत्यवानांना काळजी.

देवगडपाशी पाहतात तर घाटावर काळे ढग! शहाण्यासारखं त्यांनी विमान गावावरच्या पठाराच्या, म्हणजे सड्याच्या, मोकळ्या कातळावर उतरवलं. अख्खा गाव धावत आला. काय ते कौतुक! कुणी शहाळं फोडलं, कुणी हापूस कापला, तुळसा नावाच्या बाईने तर विमानाच्या पंख्याला हळदकुंकू लावलं. सत्यवान रंगून गेले आणि मला साफ विसरले. मी खिशात नुसता तळमळत होतो. अकरा वाजून गेले.

तेवढ्यात कृष्णाबाई पुढे आली. तिचे तिन्ही मुलगे समुद्रावर जाणारे.

“काय रे झिला, घराक कळवलंस? आमची होडी किनाऱ्याक लागली की आधी शंख फुंकतत, मगे मासळी काढतत. तुझो शंख खंय आसा?”

सत्यवानांचा चेहरा पांढराफटक पडला. “तार करायची आहे! पोस्ट कुठे आहे?”

गर्दीतून हातात शहाळं धरलेले धोंडू पोस्टमास्तर ओशाळून म्हणाले, “पोस्ट बंद करून मीच हंय इलंय!”

“मगे बघतास काय? पळा रे मेल्यांनो!” कृष्णाबाई ओरडली.

दोघे धूम पळाले. धोंडूंनी मला टेबलावर पसरलं आणि माझ्यावरचा नंबर बघून जुहूला अर्जंट तार ठोकली: देवगडला उतरलो, सुखरूप, शोध नको. मग दोघेही तारेच्या यंत्राकडे डोळे लावून बसले. बाराला दहा मिनिटं कमी असताना ते खडखडलं. जुहूचं उत्तर होतं: प्लॅन बंद केला, म्हणजे आता शोध नाही. घरी कुणीही कळवलेलं नव्हतं. धोंडूंनी खुर्चीवरून उडीच मारली! माझ्या आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

सुगंधाताईंना सगळी हकिकत सत्यवानांच्या तोंडूनच कळली. आधी रागावल्या, मग हसून हसून त्यांची पुरेवाट झाली.

आता मी खणात पडून असतो, कुणी उघडत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मला जपलं नाहीत तरी चालेल. मित्रांनो, तुम्ही कुठेही जा, कुणीतरी घड्याळाकडे बघत असतं. पोचलात की आधी तेवढं कळवा, मग काय खायचं ते खा.