मणकेबाबाचा ‘कट्’

सायखेड्याच्या नदीकाठी दर गुरुवारी मंडपात दोनशे माना रांगेनं बसत. मणकेबाबा एकेक हनुवटी धरी, झटका देई, मानेतून ‘कट्’ आवाज निघे. मग तो माइकवर सांगे, "निघालं भूत. सात वर्षं फुकट राहत होतं." लोक हात जोडत. बाबा त्याच तेलकट फडक्याला बोटं पुसून पुढची मान धरी. छायाला शिसारी आली, पण तिची सासू मालनबाई हट्टानं पुढे सरकत होती. मळ्यातल्या झेंडूनं भरलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या डोक्यावर वाहून मान अवघडलेली, भूत ते एवढंच. बाबानं तिचीही हनुवटी धरून ‘कट्’ काढला.

शनिवारी मालनबाईचं डोकं ठणकू लागलं. डाव्या मानेपासून डोळ्यापर्यंत.

"जाळीचंच असेल, आत्याबाई."

"तीस वर्सं जाळी वाहतेय मी. ते दुखणं निजलं की उतरतं. हे एकाच अंगाला हाय, नि असं कधीच दुखलं नाय."

छायानं बाबाला फोन लावला.

"भूत जाताना लाथ मारतं," बाबा म्हणाला. "दवाखान्यात नेलंत तर परत येईल. गुरुवारी आणा, दुसरी बाजू मोडू."

छायाला ते जवळजवळ पटलंच होतं. बाम चोळायला तिनं सासूच्या तोंडावरचा पदर सारला. डावी पापणी अर्धी मिटलेली होती. छायानं तडक रिक्षा बोलावली आणि नाशिक गाठलं.

"झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलीय," तपासण्या बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथली गुठळी मेंदूत गेली असती, तर अर्धांग. डोकेदुखी नि पडलेली पापणी तेच सांगत होती. वेळेत आणलंत."

"आणि तो आवाज?"

बाईंनी स्वतःचं बोट मोडलं. कट्. "सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा."

गुरुवारी मालनबाई दवाखान्यात रक्त पातळ करायची औषधं घेत होती आणि छाया मंडपात होती. बाबानं एका पोरीची हनुवटी धरली, तोच छायानं माइक ओढून घेतला आणि माइकजवळ एकामागून एक आठ बोटं मोडली.

"आठ भुतं निघाली. अंगठ्यांत राहत नसावीत."

रांगेत हशा पिकला.

"बाई, कोप होईल," बाबा गुरगुरला.

"माझ्या सासूवर झालाय. पापणी अजून उचलत नाही. ती लाथ भुताची नव्हती, तुमच्या हाताची होती."

हशा थांबला. पोरीनं हनुवटी सोडवून घेतली.

"बायांनो," छाया म्हणाली, "मान कुणाच्या हाती देऊ नका. आणि झटका बसल्यावर मान नि डोकं कधी नव्हे असं एका बाजूनं दुखलं, तर अंगारा शोधत बसू नका. गाडी शोधा."