अरण्यांचे दाखल रजिस्टर

रामाजी गुरुजींनी छत्तीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला होता. कुठलीही गोष्ट पहिलीपासूनच सुरू करायची, हा त्यांचा नियम. त्या नियमानेच शनिवारी त्यांचा घात केला.

नात मोनालीने सांगितले होते, "आबाजी, बर्डीहून नवीन अरण्य आणजा." अरण्य म्हणजे व्हिडिओ गेम. तिची मैत्रीण मेघा वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये चंद्रपूरला गेली होती. पाचवीपर्यंत दोघी एकाच बाकावर बसत. या गेममध्ये त्या दोन गावांत बसून एकाच जंगलात फिरू शकणार होत्या. रविवारी चारला भेटायचे ठरले होते. अलीकडे दोघींचे फोनवरचे बोलणे "बाकी काय?" वर येऊन अडत होते. गुरुजींनी ते ऐकले होते.

नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात ताराचंदच्या दुकानात अरण्याच्या सहा डब्या होत्या. एक, दोन, तीन, शून्य, आणि दोन डब्यांवर नुसतेच 'अरण्य'. गुरुजींनी 'अरण्य १' उचलली. पाया पक्का पाहिजे!

घरी मोनालीने डिस्क लावली आणि तिचे तोंडच उतरले.

"आबाजी, यात दुसऱ्यासोबत खेळताच येत नाही. हे काहून आणलं?"

"अगं, पहिलीत न बसता पुढच्या वर्गात कशी जाशील?"

"गेम म्हणजे शाळा हाय का?"

ती रडली नाही. वायरची गुंडाळी करत बसली. मग हळूच म्हणाली, "तिथं तिच्यासोबत खेळाले वर्गातल्या पोरी हायेत. ती माझ्यासाठी काहून थांबंल?"

त्या रात्री गुरुजींना जेवण गेले नाही.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आतच आजोबा-नात दारात उभे होते.

"बदलून देतो ना काकाजी, जुन्या डिस्कची अदलाबदल तर रोज चालते," ताराचंद म्हणाला. "पण कोणती देऊ? या दोन डब्यांपायी लोक माझं डोकं खाऊन राहिले."

मोनालीने मेघाला फोन लावला. "तुझं कोणतं अरण्य हाय वं?"

"अरण्य. नुसतं अरण्य."

"डबीवर काय हाय?"

"झाड."

झाड दोन्ही डब्यांवर होते.

गुरुजींनी खिशातली वही काढली. एका वर्षी त्यांच्या वर्गात तीन प्रशिक मेश्राम होते. तेव्हापासून नावावर विसंबायचे त्यांनी सोडले होते. दाखल रजिस्टरात बघायचे ते जन्मसाल आणि आईचे नाव. त्यांनी तसेच रकाने आखले.

"गेमले आई कुठून आली?" मोनालीने विचारले.

"ज्याच्यावरून हा बनला, ती याची आई. वाच डबीमागचं बारीक अक्षर."

ती एकेक डबी उलटून वाचू लागली, गुरुजी लिहू लागले. नुसत्या 'अरण्य'च्या दोन डब्यांपैकी एक दोन हजार सतराची, तिसऱ्याच्या पुढची. दुसरी तेवीसची, पण ती म्हणजे 'अरण्य १'च नव्याने बनवलेले. शून्य तर तिसऱ्यानंतर तीन वर्षांनी आलेले.

"शून्य तिसऱ्याहून लहान?"

"वयानं लहान, नात्यानं मोठा. त्याची गोष्ट आधीची आहे ना! माझा काका माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता, तरी मी त्याच्या पाया पडायचो."

ताराचंद गल्ल्यावर हात आपटून हसला.

मोनालीने फोन पुन्हा कानाला लावला. "मेघा, डबी उलटी कर. मागं साल हाय, ते वाच."

"दोन हजार सतरा."

म्हणजे सर्वांत नवीन आणले असते तरी चुकलेच असते! गुरुजींना जरा बरे वाटले.

पलीकडून मेघा म्हणाली, "थांब वं. माझ्या वर्गातल्या कामिनीच्या डबीवर तर तेवीस हाय. म्हणून ती मले सापडत नाही! मले वाटलं, ती मुद्दाम लपून राहते. महिना झाला, मी एकटीच फिरून राहिली."

"एकटी? अन् मले सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुले वाटलं असतं, इथं मले कोणी विचारत नाही."

मोनालीने आजोबांकडे पाहिले. वहीतले पान तिने मोबाइलमध्ये टिपले आणि मेघाला पाठवले. "कामिनीले दाखव. तिलेही सतराचं घ्यायले लाव."

ताराचंदने सतराचे अरण्य काढून दिले. "काकाजी, हा कागद मलेही द्या. इथं भिंतीवर लावतो."

चारला मोनाली कानाला हेडफोन लावून बसली. पडद्यावर उंच झाडे, त्यांच्यामधून जाणारी पायवाट. गुरुजी मागे खुर्ची ओढून बसले. त्यांना काही कळत नव्हते. पण मेघाचा आवाज एवढा मोठा होता, की हेडफोनबाहेरही ऐकू येत होता.

"मोनाली! मी नदीजवळ हाय. तू कुठं हायेस?"

"मागं वळून पाह्य ना, येडे. केव्हाची उभी हाय मी."